मोडका आणि मुरलेला

हौगांगच्या बस इंटरचेंजवर शाळेच्या मुलींच्या खांद्याला बॅटच्या लांब पिशव्या दिसू लागल्या, की मी भाजी घेऊन मागच्या रस्त्याने घरी येते. तो रस्ता लांब पडतो आणि गुडघे कुरकुरतात, पण मुली दिसत नाहीत. जानेवारीत शाळा उघडल्या की हे सुरू होतं आणि एप्रिल सरेपर्यंत चालतं. शाळाशाळांच्या सामन्यांचे दिवस. मातीने तांबडे झालेले मोजे, कपाळाला चिकटलेले केस, हातात बबल टीचे पेले, आणि सगळ्या जणी एकदम बोलणाऱ्या.

या परक्या बेटावर ऋतू नाहीत असं इथली आपली मराठी मंडळी म्हणतात. मला तर कळतात. एप्रिलमध्ये सकाळ घासलेल्या भांड्यासारखी लख्ख असते आणि दुपारी दोनच्या सुमाराला आभाळ एकाएकी काळं होतं. मग शाळेच्या मैदानावर विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो. आमच्या नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तो स्वच्छ ऐकू येतो. खाली मुली छपराकडे पळत असणार, हे मला न बघता माहीत असतं. तासाभरात पाऊस आटोपतो. जमीन वाफाळते आणि वाळते. भोंगा ऐकला की मात्र माझा हात जिथे असेल तिथे थांबतो. पोळी करपते कधी कधी.

ज्या वर्षी शेजारच्या देशातल्या धुराने इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्याच्या पुढच्या वर्षीचा एप्रिल. माझी नात ओवी तेव्हा पंधरा वर्षांची होती. माझ्या नितीनची एकुलती एक. ती शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळायची. अमेरिकेत पुरुष बेसबॉल खेळतात, त्याचीच ही धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा असतो, आणि हात वरून न आणता खालून, पूर्ण गोल फिरवून टाकायचा असतो. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. ओवी पिचर होती.

नितीन इथल्या नोकरीच्या आधी चार वर्षं अमेरिकेत होता. तिथून त्याने दोन गोष्टी आणल्या, पोट आणि बेसबॉलचं वेड. तिकडे रात्रीचा खेळ चालतो तेव्हा इथे सकाळ असते. त्यामुळे शनिवारी-रविवारी आमच्या घरात पोहे आणि बेसबॉल एकदमच व्हायचं. सून शिल्पा रॅफल्स प्लेसच्या बँकेत आठवडाभर राबून आलेली असायची, ती दहापर्यंत झोपायची. टेबलावर आम्ही तिघं. बापलेकीची वादावादी आणि माझा चहा.

वाद एकच होता, दर आठवड्याला नव्याने. अमेरिकेतले दोन जुने पिचर. एकाला चार-पाच वर्षं कोणी हात लावू शकलं नाही, समोरचे मोठमोठे फलंदाज बाहुल्यांसारखे उभे राहायचे. मग त्याचा हात गेला आणि ऐन तिशीत तो घरी बसला. दुसरा वीसएक वर्षं टाकत राहिला. केस पिकले तरी टाकत राहिला. त्याचे सामने मोजायला बसलं तर सकाळ जाते म्हणे. पण कोणत्याच वर्षी सगळे त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसले नव्हते.

“बाबा, पाच वर्षं तो देव होता. नोबडी कुड टच हिम.”

“आणि सहाव्या वर्षी देव कुठे होता? सोफ्यावर.”

“सो व्हॉट? तुझा तो एका वर्षी तरी बेस्ट होता का? सांग ना. एक वर्ष सांग.”

“दर वर्षी चांगला होता, बाळा. दर वर्षी. हे सोपं वाटतं का तुला?”

“चांगला! बोरिंग ला, बाबा.” इथली मुलं वाक्याच्या शेवटी असा एक ‘ला’ लावतात.

“बोरिंग माणसंच घर चालवतात,” असं म्हणून नितीन माझ्याकडे बघायचा. मी साक्ष द्यावी म्हणून.

अमेरिकन नावं माझ्या जिभेवर ठरत नाहीत. मी एकाचं नाव मोडका ठेवलं आणि दुसऱ्याचं मुरलेला. ती नावं घरात चालू झाली. शिल्पासुद्धा आंघोळीहून येताना विचारायची, “आज कोण जिंकलं, मोडका की मुरलेला?” एकदा ओवीने मला धरलं. “आजी, तू सांग. दोघांत मोठा कोण?”

मी म्हटलं, “त्यांना जेवायला कोण घालत होतं ते सांग, मग सांगते.”

दोघं खूप हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मी सिन्नरची. चौथी झाली आणि आईने शाळेतून काढून सूप मांडीवर दिलं. विड्या वळायच्या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. आमच्या आळीत बारा-पंधरा बायका होत्या. त्यांत तारा नावाची एक, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिची बोटं दिसायची नाहीत. पान हातात घेतलं म्हणेपर्यंत विडी सुपात. बाकीच्यांचं अर्धं होई तोवर ती उठून पाण्याला जायची. दुसऱ्या गल्लीतल्या बायका कामाच्या निमित्ताने यायच्या आणि तिच्याकडे बघत उभ्या राहायच्या. मीही बघायची. तंबाखूच्या त्या खोकल्याच्या खोलीत बघण्यासारखं तेवढंच होतं.

तीन-चार वर्षं तिची ती तऱ्हा चालली. मग उजवा अंगठा आखडला. सकाळी उघडायचाच नाही. ती गरम पाण्यात हात धरून बसायची आणि कारखान्याच्या माणसाची चाहूल लागली की पदराखाली घ्यायची. आम्हा सगळ्यांचा तो नियमच होता. कुठे दुखतंय ते कारखान्याच्या माणसाला कळू द्यायचं नाही. कळलं की तुझी पानं दुसरीला जातात. दुखलं तर घरी तेल लावा, शेक घ्या, आणि उद्या येऊन बसा. ताराचं कळलंच शेवटी. पानं दुसरीला गेली. ती दुसरी मी.

मी चौतीस वर्षं वळल्या. मध्यम गतीने. कोणी कधी बघायला उभं राहिलं नाही. नितीन त्यावर शिकला. माझी पाठ गेली, डोळे गेले, पण हात अजून चालतात. म्हणजे मी मुरलेली. त्या सकाळी टेबलावर मी हे सांगितलं असतं तर नितीन जिंकला असता. पण खरं विचाराल तर मला आठवण येते ती ताराच्या हाताची. माझा हात रोज समोर असतो, त्याची मला कधी आठवण येत नाही.

ओवीचा खेळ मी पहिल्यांदा बघितला तो मार्चमध्ये, तिच्या शाळेच्या मैदानावर. ऊन मरणाचं होतं. तिची शिकवणारी बाई चाळिशीची चिनी, काटकुळी, टोपीखाली चेहरा रापलेला. मुली तिला नुसतं कोच म्हणायच्या. मला बघून ती स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आली. “आंटी, सिट, सिट.” माझ्या डोक्यावर छत्री धरायला तिने एका मुलीला उभं केलं. मी नको नको म्हटलं, तिने ऐकलं नाही.

मग ओवी मध्यभागी जाऊन उभी राहिली. घरी ही पोरगी मोजे शोधताना आई-बापाला हाका मारणारी. तिथे ती वेगळीच कोणी होती. एक पाऊल पुढे, हात गरकन फिरला आणि चेंडू पलीकडच्या मुलीच्या हातमोज्यात जाऊन वाजला. मधलं मला दिसलंच नाही. बॅट घेतलेली मुलगी नंतर फिरली, चेंडू पोहोचल्यावर. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी खुर्चीच्या कडेवर आले. छत्रीवाली मुलगी हसायला लागली. पन्नास-पंचावन्न वर्षांनी मला असा हात दिसला होता जो दिसत नाही.

त्यानंतर आठवडाभराने ओवी शाळेतून आली आणि माझ्या पलंगावर बसली. दार लोटलं.

“आजी, खांदा दुखतोय. आतून.”

“कधीपासून?”

“थोडे दिवस. बाबाला सांगू नको. कोचला तर नकोच नको. ती मला बसवेल. दुसरी एक मुलगी आहे, ती वाटच बघतेय.”

मी म्हटलं, “दाखव.”

इथे मी उठून नितीनला फोन करायला हवा होता. आता कोणीही हे सांगेल. मी उठले आणि तिळाच्या तेलात लसूण तापवला. चांगलं चोळलं. आंबेहळदीचा लेप लावला, तव्यावर फडकं गरम करून शेक दिला. तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने चेंडू टाकले आणि संध्याकाळी परत आली. असं तीन आठवडे चाललं. नितीन-शिल्पा सातला यायचे, त्याच्या आत आमचं उरकलेलं असायचं. खिडकी उघडून वास घालवायचा. आम्हा दोघींना त्याची मजाही यायची, खोटं कशाला बोलू. माझी नात माझ्याशी इंग्रजीत सुरू करून मराठीत येणारी, घाईची, कानात गाणी घातलेली. त्या तीन आठवड्यांत ती रोज अर्धा तास माझ्या हाताखाली बसली आणि बोलली. माझ्या हाताला गुण आहे असं मला वाटलं.

एकदा ती म्हणाली, “कोच रोज विचारते. एनी पेन, एनी पेन, हात वर करा.”

“मग?”

“मी नाही करत.”

“करू नकोस,” मी म्हटलं. “सांगितलं की पानं दुसरीला जातात.”

“कसली पानं?”

मग मी तिला ताराचं सांगितलं. अर्धंच सांगितलं. अंगठा लपवल्याचं सांगितलं, लपवून तो किती बिघडला ते नाही सांगितलं. ते मला त्या वेळी सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला म्हणत आले. सुचलं होतं. पण चेंडू मीही बघितला होता.

उपान्त्य सामना शुक्रवारी होता. नितीनने सुट्टी घेतली. त्या दिवशी ओवीचा चेंडू कोणाच्या बॅटला नीट लागलाच नाही. पलीकडच्या शाळेच्या मुली सुरुवातीला ओरडत होत्या, नंतर गप्प झाल्या, शेवटी शेवटी तर त्यांच्यातल्याच दोघी-तिघी टाळ्या वाजवायला लागल्या. नितीन उभाच होता. बसला नाही. माझा हात त्याने इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. सामना संपल्यावर कोचने ओवीला जवळ घेतलं, मग खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. ओवीने मान हलवली. नाही म्हणून.

लगेच दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना. सकाळीच मी तिला दोनदा शेकलं. तिसऱ्या डावात तिचा एक चेंडू हातातून सुटला आणि कोणाच्याच दिशेला गेला नाही, कुंपणाला जाऊन लागला. लोक हसले. ओवी तशीच उभी राहिली. हात खाली लोंबत होता, दोरीला बांधल्यासारखा. ती रडली नाही की बसली नाही. फक्त त्या हाताकडे बघत राहिली, कोणाचा आहे म्हणून. कोच धावत गेली.

डॉक्टरांनी फोटो काढले. खांद्याच्या आतलं फाटलं होतं. एका दिवसात एवढं होत नाही, म्हणाले. तिला विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं?

ओवीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघितलं.

“कालपासून,” ती म्हणाली.

त्या एका शब्दाने मी वाचले. पंधरा वर्षांच्या पोरीने म्हातारीला वाचवलं आणि म्हातारी वाचली.

पुढचं पटपट सांगते. खांद्याचं ऑपरेशन झालं. रबरी पट्टा ओढायचे व्यायाम झाले, सात-आठ महिने. लिहिता येतं, दप्तर उचलता येतं. वेणी घालायला हात मागे जात नाही, म्हणून तिने केस कापून टाकले. मी घालून दिली असती. तिने विचारलं नाही. चेंडू टाकायचा तर प्रश्नच नव्हता. नितीनने शाळेला लांबलचक पत्र लिहिलं, की तुमच्या कोचने लागोपाठ दोन दिवस पोरीला राबवलं, तिचं दुखणं बघितलं नाही. आणखी दोन-तीन आईबापांनी त्याला जोड दिली. पुढच्या सत्रात ती बाई त्या शाळेत नव्हती. शाळेचं उत्तर आलं ते नितीनने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं, मराठी करून. मी ऐकत होते. मी आमटीला फोडणी दिली.

टीव्हीवरचा बेसबॉल आपोआप बंद झाला. कोणी बंद करू म्हटलं नाही. शनिवारी पोहे होतात, लोक मोबाइल बघत खातात. मोडका मोठा की मुरलेला, ते तसंच राहिलं.

मी मात्र त्यावर विचार करते. आता दुसरं काम काय आहे? पूर्वी मला वाटायचं की टिकण्यालाच किंमत आहे, बाकी सगळी चैन. टिकलेल्या माणसाला तसं वाटतंच. पण टिकणं म्हणजे काय केलं मी? दुसरीचा अंगठा आखडला तेव्हा तिची पानं घेतली. पोरीने माझ्याकडे बघितलं तेव्हा भिंतीकडे बघितलं. अशीच माणसं टिकतात. मोडक्याचे लोक गोडवे गातात, तेही मला आता सहन होत नाही. पाच वर्षं झळकला, म्हणतात. पुढची चाळीस वर्षं तो सकाळी उठून त्याच हाताने दात घासत असेल ना? ती कोणी मोजत नाही. ओवीचा झळकण्याचा काळ एक शुक्रवार. तिला अजून साठ-सत्तर वर्षं जगायचं आहे. ही वर्षं कोणाच्या खात्यात धरायची ते या बापलेकीच्या वादात कधी आलंच नाही.

यंदा ओवी शिकायला मेलबर्नला गेली. ती गेल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी आणि नितीन खाली हॉकर सेंटरला नाश्त्याला गेलो. शेजारच्या टेबलावर तसल्याच मुली बसल्या होत्या, पिशव्या पायाशी टाकून. नितीन त्यांच्याकडे बघत म्हणाला, “त्या बाईने माझ्या पोरीचा हात खाल्ला, आई.”

मी म्हटलं, “बाईने नाही खाल्ला. मी खाल्ला.”

आणि सगळं सांगितलं. तेल, लेप, शेक, तीन आठवडे. कोच रोज विचारायची तेही सांगितलं. पोरीला गप्प राहायला मी शिकवलं ते सांगितलं. तो ओरडेल, उठून जाईल, असं वाटलं होतं. तो कॉफीच्या कपात चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

मग म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तेलाचं नाही. दुखतंय ते माहीत होतं. त्या शुक्रवारच्या आधी आठ दिवस ती डाव्या हाताने जेवत होती. वरणभात, चमच्याने. मी समोरच बसायचो.”

माझ्या समोर ती डाव्या हाताने जेवली आणि मी बोलले नव्हते, कारण मला कारण माहीत होतं. त्याच टेबलावर तोही बोलला नव्हता.

“मग तू का नाही बोललास?”

“खालून टाकतात, त्याने खांदा जात नाही, असं म्हटलं मनाशी.”

“खरं सांग.”

पन्नाशीला आलेला माणूस, पण ओठ लहानपणी मुडपायचा तसे मुडपले.

“तू बघितलास ना तिचा चेंडू?”

“बघितला.”

“मला तो अजून एकदा बघायचा होता, आई.”

अख्खा मोसम टेबलावर हा मुरलेल्याची बाजू मांडत बसायचा. मैदानावर त्याला मोडकाच हवा होता. मलाही. आम्ही दोघं सारखेच निघालो, आणि मध्ये ती पोरगी. मला त्याचा राग आला नाही. रागावायला माणूस जरा उंचावर असावा लागतो.

मी विचारलं, “शाळेला पत्र कोणी लिहिलं होतं?”

“मी.”

“दुखतंय हे माहीत असून?”

त्याने चमचा कपातून काढून बाजूला ठेवला.

“फोन लाव त्या बाईला.”

“आता? इतक्या वर्षांनी काय सांगणार?”

“तू लाव. सांगते मी.”

पालकांच्या जुन्या ग्रुपमध्ये तिचा नंबर अजून होता. त्याने लावला. हॅलो म्हटलं, ओवीचा बाबा बोलतोय म्हटलं, आणि पुढे त्याला शब्दच येईना. मी फोन ओढून घेतला.

माझं इंग्रजी बाजारापुरतं. मी म्हटलं, “कोच, आय ग्रँडमदर. यू नो मिस्टेक. पेन, आय नो. सन नो. वी नो टेल.” तेवढंच जमलं. सॉरी म्हटलं, दोनदा.

तिच्या मागे मोकळ्या जागेचा आवाज होता, मुलींच्या हाका, आणि चेंडू हातमोज्यात वाजल्याचा आवाज, थांबून थांबून. म्हणजे ती कुठल्यातरी दुसऱ्या मैदानावर उभी होती. पत्राबद्दल विचारेल, शाळेबद्दल विचारेल, म्हणून मी तयारी करून बसले होते.

तिने विचारलं, “आंटी, ओवी थ्रोइंग, कॅन ऑर नॉट?”

एवढं इंग्रजी इथल्या भाजीवालीकडून सगळ्यांनाच येतं.

“कॅनॉट,” मी म्हटलं.

मग तिने फोन तोंडापासून दूर केला असावा, कारण तिची हाक लांबून आल्यासारखी ऐकू आली. कोणाला तरी नावाने बोलावून ती म्हणाली, “इनफ. टुडे इनफ.” मुलगी काहीतरी हुज्जत घालत होती. बाईने पुन्हा तेच सांगितलं, आणि चेंडूचा आवाज बंद झाला.